‘अटेन्युएटेड’ म्हणजे कमजोर लस नव्हे! कालच्या पोस्टला उत्तर

पशुवैद्य_दिंडोरी
काल आमच्या पंचक्रोशीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. ‘लम्पीच्या, म्हणजे गुरांच्या गाठींच्या आजाराच्या, लशीवर अटेन्युएटेड लिहिलेलं असतं. शब्दकोशात बघा, अर्थ क्षीण केलेलं. म्हणजे कमजोर माल आपल्या गाईंना टोचतात. आम्ही टोचून घेणार नाही.’ आज सकाळी दोन गोठ्यांच्या दारातून मला परत पाठवलं. म्हणून सविस्तर लिहितोय.

अरे, क्षीण केलाय तो विषाणू. लस नव्हे! त्याची आजार करायची ताकद काढून घेतली, पण चेहरामोहरा तोच ठेवला, म्हणजे गाईचं शरीर त्याला ओळखायला शिकतं. २०२२ला आपल्याकडे गोट पॉक्सची लस टोचली ती याच जातीची. शेळ्यांच्या देवीचा आणि लम्पीचा विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून चालते. क्षयावरच्या बीसीजी लशीचं उदाहरण घ्या. काल्मेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईच्या क्षयाचा जंतू १९०८पासून ग्लिसरीन, पित्त आणि बटाट्यावर वाढवला. १३ वर्षांत २३० वेळा नव्या खाद्यावर उतरवला, तेव्हा कुठे तो आजार करेनासा झाला. १९२१मध्ये पहिल्या बाळाला दिला. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर त्याचा व्रण आहे.

‘अटेन्युएशन’ ऐकलं की पहिला प्रश्न ‘कशाचं?’ हाच विचारायचा. तो न विचारता शब्दकोश उघडला की गाई मरतात.

फायबर_सिडको
डॉक्टर, पटलं नाही. १४ वर्षं केबल जोडतोय. आमच्याकडे अटेन्युएशन म्हणजे नुकसान, बाकी काही नाही. चांगल्या फायबरला, म्हणजे प्रकाश वाहणाऱ्या काचेच्या तारेला, १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशलहरीवर किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपास नुकसान होतं. जोड बिघडला की त्याचं वेगळं. खिडकीच्या फटीत वायर मुडपली की घरात पोचणाऱ्या प्रकाशाची पॉवर मायनस तीस डीबीएमवर आणि डब्यावर लाल दिवा. गिऱ्हाईक ‘कशाचं’ विचारत नाही, त्याचं नेट बंद असतं. माणूस शब्द ऐकून घाबरला तर त्याचा काय दोष? लशीवर मराठीत लिहा ना.

आणि विषय निघालाच आहे तर सांगतो. रस्ता खोदणारे आमची केबल तोडून निघून जातात, शिव्या आम्हाला. पावसाळ्याआधी दरवर्षी हेच.

तनु_गंगापूररोड
मराठीत लिहायचं तर काय लिहायचं? आम्हाला शाळेत ‘अर्धमेले जंतू’ शिकवलं. तेही चूकच. तो जंतू चांगला जिवंत असतो, नखं काढलेला. ‘क्षीण’मध्ये आजारपणाची छटा येते, तिथूनच हा गोंधळ होतो. लॅटिनमध्ये मूळ शब्द ‘टेनुइस’, म्हणजे पातळ. आपला ‘तनु’ त्याच कुळातला. पतंजलींच्या योगसूत्रांत साधनपादाच्या दुसऱ्याच सूत्रात ‘क्लेशतनूकरण’ आहे, क्लेश पातळ करणे. तिथे तनूकरण ही साधना आहे, नुकसान नव्हे. ‘तनूकृत विषाणूची लस’ म्हणा, कुणी घाबरणार नाही.

निफाडचा_गोठा
शब्द तुमचे तुम्ही वाटून घ्या. कालची पोस्ट माझी आहे. २०२२ला लस टोचली आणि आठव्या दिवशी गाईच्या अंगभर गाठी. पाय सुजले, वैरण सोडली, बाराव्या दिवशी गेली. १८ लिटरची गाय होती. पोरीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवली होती. टोचणाऱ्याने येऊन बघितलंसुद्धा नाही. आता म्हणे ‘तनूकृत’! आणि पोलिओच्या थेंबातला कमजोर विषाणू परत जोर धरतो, हे खोटं आहे का? डॉक्टर, सरळ उत्तर द्या.

पशुवैद्य_दिंडोरी
दादा, खोटं नाही. जिथे लसीकरण अपुरं असतं तिथे थेंबातला विषाणू माणसांमाणसांत फिरत राहून क्वचित पुन्हा पांगळं करणारा होतो. म्हणूनच एप्रिल २०१६मध्ये थेंबांतून पोलिओ विषाणूचा प्रकार २ काढला. हे मी वर लिहायला हवं होतं, नाही लिहिलं. पण त्याच थेंबांच्या जोरावर जानेवारी २०११नंतर देशात मूळ पोलिओचा एकही रुग्ण नाही.

तुमच्या गाईचं खरंच वाईट वाटतं. पण लशीचं संरक्षण यायला तीनेक आठवडे लागतात. आठव्या दिवशी गाठी आल्या म्हणजे बहुधा टोचायच्या आसपासच तिला लागण झालेली होती. त्यामुळेच साथ दारात यायच्या आधी टोचा म्हणून आम्ही ओरडतो.

पंचवटीकर
डॉक्टरांचा ‘कशाचं’ हा प्रश्न पटला. आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणाचंच बघा. धरण पुराचं अटेन्युएशन करतं, पुराचा माथा कापतं. इथे क्षीण होणं लोकांच्या फायद्याचं.

सराफबाजार_जुना
फायद्याचं? सप्टेंबर २००८ला माझ्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. वडिलांच्या हातची वहीखाती गेली, शोकेस तरंगत होत्या. धरण भरू देतात आणि एकदम सोडतात, तो पूर धरणाने आणला. पुस्तकं वाचून बोलू नका.

पाटबंधारे_निवृत्त
धरण पूर ‘आणत’ नाही. धरणात ४० हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, येत असताना ३० हजार सोडले, तर खालच्या माणसाला ३० हजार दिसतात, वरचे ४० दिसत नाहीत. माथा बुटका होतो आणि उशिरा येतो, यालाच अटेन्युएशन म्हणतात. मात्र धरण आधीच काठोकाठ असेल तर जेमतेम होतं, हे खरं. जुलैमध्ये जागा रिकामी ठेवावी तर उन्हाळ्यात शहराला पाणी कुठून द्यायचं? शिवाय खालच्या जायकवाडी धरणाला द्यायचा पाण्याचा वाटा. दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्यात आम्ही.

आणि तुमच्या दुकानात शिरलं ते सगळं धरणाचं नव्हतं. नासर्डी, वाघाडी गोदावरीला धरणाखाली मिळतात, त्यांच्यावर गंगापूरचं काही चालत नाही. सराफ बाजारात सरस्वती नाल्याचं पाणी तुंबतं, कारण नदी चढली की नाल्याला बाहेर पडायला वाट राहत नाही.

सराफबाजार_जुना
म्हणजे दोष नाल्याचा, नदीचा, आमचा. तुमचा कधीच नाही! माझे वडील गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून ठरवायचे, कमरेपर्यंत पाणी आलं की माल वरच्या मजल्यावर. तेवढा अंदाज तुमच्या क्युसेकने कधी दिला? आकडा ऐकून मी काय करू, तो मारुतीच्या कुठपर्यंत येतो ते सांगा.

पाटबंधारे_निवृत्त
आवाज चढवू नका. ३१ वर्षं नोकरी केली आहे. पूर एकटं धरण अडवत नाही, नदीचं पात्रही अडवतं. पाणी काठावर पसरलं की त्याचा जोर मरतो. तीच जागा आपण भरली. २५ वर्षांच्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा, आणि निळीच्या आतली बांधकामं स्वतः जाऊन बघा. काठ काँक्रीटने आवळले, नदीला पसरायला जागा ठेवली नाही, मग माथा कापणार कोण?

आकडा मारुतीच्या भाषेत सांगायला हवा होता, एवढं मान्य. ते आम्ही केलं नाही.

यीस्ट_सातपूर
बिअरमध्ये तर उलटंच आहे. यीस्ट साखर खातं तशी रसाची घनता उतरते. सुरुवातीची घनता १.०५०, शेवटी १.०१०, म्हणजे पाण्याच्या १.०००वरचा आकडा ५०वरून १०वर, ८० टक्के अटेन्युएशन. आकडा कमी आला तर साखर शिल्लक राहिली आणि यीस्टने काम अर्धवट सोडलं. आमच्याकडे कमी अटेन्युएशनवर बोलणी बसतात.

पंचवटीकर
वडिलांच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘लिव्हर लो अटेन्युएशन’ आलं, घरात रात्रभर कुणी झोपलं नाही. सकाळी कळलं, यकृतात चरबी आहे, म्हणून तिथे क्ष-किरण कमी अडतात. अडणं कमी झालं होतं. वडील तसेच होते.

फायबर_सिडको
रात्री विचार करत होतो. दोन केंद्रांमधलं अंतर फार कमी असेल तर प्रकाश जास्त जोरात जातो आणि पलीकडचा रिसीव्हर आंधळा होतो. तेव्हा आम्हीच मुद्दाम मध्ये अटेन्युएटर लावतो, पाच किंवा दहा डेसिबलचा. तो सुटा तुकडा माझ्या बॅगेत कायम असतो. तेव्हा ‘नुकसान, बाकी काही नाही’ हे वाक्य मागे घेतो. मराठीत लिहा हे मात्र मागे घेत नाही.

निफाडचा_गोठा
नदी, बिअर, केबल सगळं वाचलं. गोठ्यात आता दोन कालवडी आहेत. माझी गाय लशीने गेली नाही हे मला अजून पटलेलं नाही, तुमचे तीन आठवडे तुमच्यापाशी. पण शेजारच्या वस्तीवर परवा एका बैलाला गाठी दिसल्या. उद्या या. अट एकच. जिवंत विषाणू आहे म्हणता, तर तो उन्हात मरतही असेल. बर्फाचा डबा माझ्यासमोर उघडायचा आणि बाटली माझ्यासमोर कालवायची. सकाळची उरलेली चालणार नाही.

पशुवैद्य_दिंडोरी
बरोबर अट घातली. कालवलेली बाटली काही तासांतच संपवावी लागते, उरली तर फेकायची. सातला पोचतो. कालवडी बांधून ठेवा, आणि बैल कोणत्या वस्तीवर आहे ते आजच फोन करून सांगा. आधी तिकडे जाणार नाही, तिकडून विषाणू माझ्याच बुटांवर तुमच्या गोठ्यात यायचा.