मदत हवी आहे: साइटवर 'वऱ्हाड' शोधलं तर निम्मेच लेख सापडतात (वर्डप्रेस)

नमस्कार मंडळी,

नागपुरात महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळते. साइट वर्डप्रेसवर आहे. वाचनालयाच्या वार्षिकांकांतले लेख, शेतीवरची टिपणं, सभासदांनी गावोगाव फिरून लिहून घेतलेली जात्यावरची आणि लग्नातली गाणी असा पुष्कळ मजकूर तिच्यावर आहे. यातलं बरंचसं दुसरीकडे कुठेही छापलेलं नाही. त्यामुळे साइटवर असूनही ते सापडत नसेल, तर वाचणाऱ्याच्या दृष्टीनं ते नसल्यातच जमा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शोधपेटीत 'वऱ्हाड' टाकलं की काही लेख येतात. पण वऱ्हाडातल्या लग्नगीतांवरचा लेख, ज्याच्या शीर्षकातच हा शब्द आहे, तो येत नाही. तो लेख उघडून त्याच्या शीर्षकातला शब्द कॉपी केला आणि शोधपेटीत चिकटवला, तर तो लेख येतो आणि मघाशी आलेले सगळे गायब होतात. दोन्ही शब्द शेजारी ठेवून, अक्षरं मोठी करून पाहिली. काडीचाही फरक दिसत नाही.

असंच 'पऱ्हाटी'चं (कपाशीचं झाड) होतं, 'धानाचे पऱ्हे'चं (भाताची रोपं) होतं, 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या', 'ऱ्हास' यांचंही होतं. 'कापूस', 'तूर', 'संत्री' मात्र व्यवस्थित सापडतात. म्हणजे घोळ 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' मधल्या त्या अर्ध्या आडव्या र चा आहे, एवढं मला कळलं. पुढचं कळत नाही.

हे मनाला लागण्याचं कारण सांगते. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, शेतीचा अभ्यास करणारी मुलं-मुली शहरात खूप आहेत, आणि त्यांतले काही आमच्याकडे जुनी माहिती शोधायला येतात. अशीच एक मुलगी देशी कापसाबद्दल गावातले लोक काय बोलत, वाणांना काय म्हणत, हे शोधत होती. तिनं वाचनालयातच बसून मोबाइलवर 'पऱ्हाटी' टाकलं. दोन लेख आले. ते वहीत उतरवून, आभार मानून ती उठली. याच विषयावरची कितीतरी टिपणं साइटवर आहेत. मी जवळच होते म्हणून तिला थांबवून ती उघडून दिली. घरून शोधणाऱ्याला कोण थांबवणार?

तपासलं ते असं: डेटाबेस यूटीएफ८एमबी४ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, आहे. प्रश्नचिन्हांच्या रांगा किंवा विचित्र परदेशी अक्षरं कुठेही दिसत नाहीत, म्हणजे जुन्या लॅटिन१ साठवणपद्धतीमुळे मजकूर बिघडण्याचा प्रकार नसावा. जुने लेख सीताबर्डीवरच्या डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी या जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप झाले होते, नंतर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये (प्रत्येक खुणेला ठरलेला क्रमांक देणारं मानक) आणले. नवे लेख लोक मोबाइलवर लिहून पाठवतात. आणखी एक: काही लेखांत 'वर्हाड' असं, ह वर रफार देऊन उमटलंय. छापील अंकात तिथे नीट 'वऱ्हाड' आहे, मी अंक काढून ताडून पाहिलं.

हे का होतं, आणि मजकुराला धक्का न लावता दुरुस्त कसं करायचं? डेटाबेसचा बॅकअप घेता येतो, थोडंफार पीएचपी (वर्डप्रेसची प्रोग्रॅमिंग भाषा) वाचता येतं.

प्रतिसाद

ताई, तुमचं निदान अगदी बरोबर आहे. हा अर्धा र युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिता येतो आणि सगळे प्रकार पडद्यावर सारखेच दिसतात.

पहिला प्रकार: स्वतंत्र ऱ (यू+०९३१) आणि त्यापुढे हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी खूण (यू+०९४डी). इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'ची (J) कळ दाबली की हा ऱ मिळतो. आजची शिफारस हीच आहे आणि तिचं मूळ भारतीय मानक इस्की, म्हणजे आयएस १३१९४:१९९१ मध्ये आहे.

दुसरा प्रकार: साधा र (यू+०९३०), हलन्त आणि त्यापुढे यू+२००डी ही न दिसणारी जोडखूण, जिला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. युनिकोडच्या २.० आवृत्तीशी जुळतं राहावं म्हणून मानकानं ही रीतही चालू ठेवली आहे. जुनी टंकलेखन साधनं आणि कन्व्हर्टर बहुतेक हीच वापरायचे. तुमचे श्रीलिपीतून आलेले लेख या गटातले असणार.

तिसरा, थोडा दुर्मिळ: साधा र, त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब (यू+०९३सी) आणि मग हलन्त.

म्हणजे 'वऱ्हाड' पहिल्या प्रकारात ६ खुणांचा शब्द आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात ७ खुणांचा. वर्डप्रेसचा नेहमीचा शोध डेटाबेसला 'हा तुकडा शीर्षकात, सारांशात किंवा मजकुरात कुठे आहे का' एवढंच विचारतो आणि तुलना खुणेला खूण लावून होते. मधे एक अदृश्य खूण आली की जुळणी तुटली.

खात्री करायची तर दोन्ही शब्द एखाद्या युनिकोड तपासणाऱ्या साधनात टाका, प्रत्येक खुणेचा क्रमांक दिसेल.

प्रतिसाद

सोपं आहे. पीएचपीमायअॅडमिनमध्ये (डेटाबेस हाताळायचं साधन) जाऊन रिप्लेस चालवा आणि यू+२००डी सगळीकडून काढून टाका. पाच मिनिटांचं काम.

प्रतिसाद

ताई, मी पण नागपूरचाच, प्रतापनगरला राहतो. वरचा उपाय कृपा करून करू नका. काहून ते सांगतो.

र् नंतरची जोडखूण नुसती काढली तर आडवा र उरत नाही, त्याचा रफार होतो. 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' होतं. तुमच्या काही लेखांत जे झालंय ते नेमकं असंच झालं असणार. मजकूर 'साफ' करणारं एखादं प्लगइन कधीकाळी साइटवर होतं का बघा. अदृश्य खुणा म्हणजे कचरा असं समजून काही प्लगइन त्या काढून टाकतात.

आणि मराठीत रफार आणि आडवा र यांनी अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना निमंत्रण वेगळं आणि आचाऱ्यांना वेगळं. एकदा सगळ्याचा रफार झाला की मशीनला हे परत ओळखता येत नाही. शिवाय ती जोडखूण दुसरीकडेही लागते: काही जोडाक्षरं मोडून दाखवायला लोक ती वापरतात, आणि कुटुंबाची किंवा व्यवसायांची काही इमोजी तिनंच जोडलेली असतात.

म्हणून बदल फक्त पूर्ण तिकडीचा करायचा: र, हलन्त, जोडखूण या तीन खुणा सलग आल्या तरच त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. तिसऱ्या प्रकारासाठी पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधला नॉर्मलायझर आहे. एनएफसी, म्हणजे खुणा युनिकोडच्या एका प्रमाण रूपात आणणं, केलं की र आणि नुक्ता मिळून यू+०९३१ होतो. जोडखुणेच्या प्रकाराला मात्र एनएफसी हात लावत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

आता धोका कुठे आहे ते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, जोडखूणसुद्धा ३. म्हणजे ९ बाइटच्या जागी ६ बाइट येणार. वर्डप्रेस विजेट, थीमची सेटिंग आणि प्लगइनचा बराच डेटा सिरियलाइझ करून, म्हणजे एका लांब ओळीत बांधून, ठेवतं आणि त्यात प्रत्येक मजकुराची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते. सरळ एसक्यूएलनं रिप्लेस मारलं की लिहिलेली लांबी आणि खरी लांबी जुळत नाही, आणि ती सेटिंग वाचलीच जात नाही. डब्ल्यूपी-सीएलआय म्हणजे आज्ञा टाइप करून वर्डप्रेस हाताळायचं साधन; त्याची सर्च-रिप्लेस आज्ञा हे सांभाळून घेते. तिला पोस्टचं टेबल सांगा आणि त्यातही शीर्षक, मजकूर, सारांश एवढेच कॉलम द्या. आधी ड्राय-रन, म्हणजे काहीही न बदलता किती जागी बदल होईल ते दिसतं. टर्मिनलमध्ये अदृश्य खूण चिकटवण्याचा भरवसा नसतो, त्यामुळे मी स्वतः असं काम छोट्या पीएचपी स्क्रिप्टनं करतो. पीएचपी ७ पासून खुणेचा क्रमांक लिहून ती खूण तयार करता येते.

पत्त्याच्या कॉलमला, म्हणजे स्लगला, अजिबात हात लावू नका. वर्डप्रेस देवनागरी स्लग टक्केवाल्या रूपात साठवतं. एका खुणेची ९ अक्षरं होतात आणि कॉलमची मर्यादा २०० आहे, म्हणून जेमतेम २२ खुणांनंतर तुमचे लांब पत्ते आधीच कापले गेले असतील. संपादनाच्या पानावरून स्लग बदलला तर वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवून नव्यावर नेतं. डेटाबेसमधून परस्पर बदलला तर ती नोंद होत नाही आणि लोकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या लिंका मरतात.

धागालेखिका

दादा, तुमचे आणि पहिला प्रतिसाद देणाऱ्यांचे मनापासून आभार. इतक्या बारकाईनं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

साइटची प्रत घरच्या संगणकावर उतरवली आणि सगळं आधी तिथे करून पाहिलं. श्रीलिपीतून आलेल्या लेखांत जोडखूण निघाली, मोबाइलवरून आलेल्यांत स्वतंत्र ऱ. तिसरा प्रकार मोजक्याच ठिकाणी होता. स्क्रिप्ट चालवल्यावर 'पऱ्हाटी'ची सगळी टिपणं एका शोधात आली. 'धानाचे पऱ्हे' टाकलं तर भंडाऱ्याकडच्या रोवणीची गाणीही आली, ती तर इतके दिवस कुणाला दिसतच नव्हती! विजेट, मेन्यू, फोटो सगळं जागच्या जागी आहे. मग खऱ्या साइटवर बॅकअप घेऊन तेच केलं.

एक शंका राहिली. उद्या कुणी जुन्या साधनात लिहिलेला लेख पाठवला तर पुन्हा तेच होईल ना? आणि वाचकाच्या कीबोर्डनं जोडखूणवाला शब्द टाकला तर?

प्रतिसाद

होईल. म्हणून तेच रूपांतर दोन दारांवर बसवा. लेख साठवताना डब्ल्यूपी_इन्सर्ट_पोस्ट_डेटा या फिल्टरमध्ये आणि शोध घेताना प्री_गेट_पोस्ट्स मध्ये. एकच छोटं फंक्शन लिहून दोन्हीकडून बोलवायचं. थीमच्या फाइलीत टाकू नका, थीम बदलली की जाईल. स्वतःचं लहानसं प्लगइन करा. मी आत्ता एका ग्राहकाच्या साइटवर हेच करून राहिलो आहे, रात्रीपर्यंत कोड इथे चिकटवतो.

धागालेखिका

कोड मिळाला, बसवला, दोन्ही बाजूंनी नीट चालतोय. प्लगइनचंही कळलं: आधीच्या होस्टिंगवर असताना मजकूर साफ करणारं एक प्लगइन चालू होतं, रफार झालेले सगळे लेख त्याच काळात साठवलेले आहेत.

आता उरलंय ते रफाराचं काम, आणि त्यासाठी मला तुमची मदत हवी आहे. 'कार्य', 'सूर्य', 'धैर्य', 'अर्हता' हे रफारासकट बरोबर आहेत, त्यांना धक्का लागता कामा नये. म्हणून आंधळेपणानं काही बदलणार नाही. ज्या शब्दांत आडवा र च असतो अशा शब्दांची यादी करतेय. स्क्रिप्ट त्या यादीतले शब्द लेखांत दाखवेल आणि मी प्रत्येक ठिकाण छापील अंकाशी ताडून मगच बदलेन. दर्या-दऱ्या आणि आचार्य-आचारी यांसारख्या जोड्या वेगळ्या काढल्या आहेत, त्या वाक्य वाचूनच ठरवाव्या लागतील.

आतापर्यंतची यादी: वऱ्हाड, वऱ्हाडी, पऱ्हाटी, पऱ्हे, गोऱ्हा, तऱ्हा, ऱ्हास, शेतकऱ्यांचा, वारकऱ्यांचा, गावकऱ्यांचा, दुसऱ्या, तिसऱ्या, अपुऱ्या, कोऱ्या, भाकऱ्या, बोऱ्या, पायऱ्या, झऱ्याचं, वाऱ्यावर, भंडाऱ्याचा.

विदर्भातल्या मंडळींनी, विशेषतः झाडीपट्टीकडच्यांनी, यात भर घालावी. शेतीची अवजारं, धानाची कामं, बैलांचे रंग, लग्नातले विधी यांतले शब्द मला कमी ठाऊक आहेत. शब्द मोबाइलवर लिहिलात तरी चालेल. कसाही टाइप झाला असला तरी यादीत घेताना मी त्याचं रूप एकसारखं करून घेईन.