जुन्या बाइकला नवे हँडल स्विच, वायरींचे रंग जुळेनात

प्रश्न: वडिलांची जुनी ब्रिटिश बाइक, ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचा प्लस फ्रेमला जोडलेला). लूममधून (बाइकच्या वायरींच्या जुडग्यातून) निळी, निळी-पांढरी, निळी-लाल आणि जांभळी-काळी वायर येते. नव्या डिपर-हॉर्न स्विचचे रंग भलतेच. लूमला हात लावायचा जीव होत नाही. कुठली कुठे जोडू? आणि पॉझिटिव्ह अर्थला हा स्विच चालेल ना?

उत्तर: चालेल, साध्या स्विचला प्लस-मायनस नसतं. नव्या रंगांवर अजिबात जाऊ नका. बॅटरी काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली आहेत का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि डिपर इकडून तिकडे करत राहा. दोन्ही बाजूंना जी कॉमन लागते ती फीड (करंट आत आणणारी वायर), तिला निळी. अप्परला निळी-पांढरी, डिपरला निळी-लाल. हॉर्नमध्ये मात्र लोक हमखास फसतात: करंट हॉर्नमधून बटणापर्यंत आलेला असतो, बटण फक्त अर्थ देतं. म्हणून एक वायर जांभळ्या-काळीला, दुसरी थेट फ्रेमला. रंगवलेल्या हँडलमधून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका.

उत्तर: स्विचमध्ये किल बटण (इंजिन बंद करायचं) असेल तर आधी इग्निशन बघा. मॅग्नेटोवालं (बॅटरीविना स्वतः ठिणगी बनवणारं) इंजिन मॅग्नेटोला अर्थ देऊन बंद होतं, कॉइलवालं (बॅटरीवर ठिणगी बनवणारं) सप्लाय तोडून. दोन्ही प्रकारची बटणं दिसायला सारखीच!

उत्तर: ६ व्होल्टवर ३० वॅटचा बल्ब ५ अँपिअर ओढतो, नव्या स्विचच्या वायरी बहुधा बारीक असतात. ६ व्होल्टचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा) टाकाच.

प्रश्नकर्ता: फीड सापडली, अप्पर-डिपर चालू! आता हॉर्नला वेगळी अर्थ वायर ओढतो. इग्निशन मॅग्नेटोचं आहे, किल बटण तपासूनच जोडेन.