शब्दचर्चा: ‘अनाक्रमक’ तपासणी म्हणजे न भांडणारी तपासणी?

दोनरकाने:
नमस्कार. मी वैद्यकीय मजकुराचे मराठी भाषांतर करते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या हृदयाची सीटी आणि एमआरआयने पाहणी करणाऱ्या एका अभ्यासाचे माहितीपत्रक सध्या माझ्याकडे आहे. त्यात ‘नॉन-इन्व्हेझिव्ह इमेजिंग’ (ढोबळमानाने, शरीरात उपकरण न शिरवता आतली चित्रे घेणे) हा शब्दप्रयोग अकरा वेळा आला आहे. अशा मजकुरात सर्रास वाचायला मिळतो म्हणून मी त्याला ‘अनाक्रमक प्रतिमांकन’ असे लिहिले. या पत्रकांचे उलट भाषांतर करून घ्यावे लागते, म्हणजे मूळ इंग्रजी न पाहिलेली दुसरी व्यक्ती माझी मराठी पुन्हा इंग्रजीत नेते आणि नीतिसमिती दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून पाहते. माझा ‘अनाक्रमक’ तिकडून ‘नॉन-अ‍ॅग्रेसिव्ह’ होऊन परत आला. खात्री करावी म्हणून मी तो परिच्छेद माझ्या मावशीला वाचून दाखवला, तर तिने विचारले, “मग आक्रमक तपासणीत काय मारतात की काय?” रुग्णाला न घाबरवणारा आणि अर्थाला न सोडणारा एखादा शब्द कोणी सुचवू शकेल का? समितीची बैठक पुढच्या सोमवारी आहे.

निरुक्ती:
शब्दाचा दोष नाही, आपण त्याचा अर्थ अरुंद करून ठेवला आहे. ‘आक्रमण’ या शब्दात ‘क्रम्’ हा धातू आहे आणि त्याचा मूळ अर्थ पाऊल टाकणे असा आहे. त्रिविक्रमाची तीन पावले त्याच धातूतली, आणि सूर्य मकर राशीत पाऊल टाकतो ते संक्रमणही त्यातलेच. मराठीत आपण आजही ‘मार्ग आक्रमणे’ म्हणतो, तेव्हा कोणी त्या मार्गावर हल्ला केलेला नसतो. लॅटिनमधल्या ‘इन्व्हादेरे’चा अर्थही आत चालत जाणे एवढाच आहे. इतके चपखल जुळणारे दोन शब्द क्वचित सापडतात. अर्थ रुळायला थोडा वेळ द्यावा, आणि तोवर ‘अनाक्रमक’ सोडू नये.

क्षकिरण:
निरुक्तीताई, मार्ग आक्रमणे मान्य, पण माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीत टेबलावर झोपलेल्या एकाही माणसाला धातू आठवलेला मी पाहिला नाही. त्याला एकच गोष्ट विचारायची असते, ‘आत काही घालणार का?’ आत चालत जाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, की १९२९ साली जर्मनीतल्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या कोपराजवळच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर लांबीची नळी हृदयापर्यंत सरकवली आणि ती तशीच आत ठेवून क्ष-किरण खोलीपर्यंत चालत जाऊन फोटो काढून घेतला. १९५६ साली त्याला नोबेल मिळाले. त्याच्या बाबतीत तरी ‘आक्रमण’ दोन्ही अर्थांनी खरे ठरते.

माझी खरी अडचण ‘अनाक्रमक’च्या विरुद्ध बाजूने आहे. थॅलियमच्या तपासणीत शिरेतून किरणोत्सारी द्रव्य देतात, सीटी अँजिओग्राफीत आयोडीनयुक्त द्रव्य देतात, आणि झटक्यानंतरच्या एमआरआयमध्ये चित्र स्पष्ट दिसावे म्हणून बहुधा गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देतात. तिन्ही वेळा सुई टोचली जाते, तरी तिन्ही तपासण्या नॉन-इन्व्हेझिव्ह मानल्या जातात. शिवाय क्ष-किरण तर छातीतून आरपार जातात, मग तो प्रवेश नव्हे का?

उंबरठा:
मला वाटते, बोलणाऱ्या मराठीने हा भेद क्रियापदात केव्हाच करून ठेवला आहे. आपण एक्स-रे काढतो, ईसीजी काढतो, टूडी इको काढतो, परंतु अँजिओग्राफी ‘करतो’ आणि अँजिओप्लास्टीही ‘करतो’. जे बाहेरून टिपायचे ते ‘काढणे’, जिथे डॉक्टर आत शिरतो ते ‘करणे’. फोटो काढण्याची जुनी सवय इथे उपयोगी पडली असावी.

क्षकिरण:
कल्पना सुंदर आहे, पण टिकणार नाही. सोनोग्राफी आपण करतो आणि तिच्यात साधी सुईही नसते. उलट रक्त आपण काढतो, आणि बायोप्सीसाठी तुकडाही काढतो.

उंबरठा:
मग दुरुस्ती करते. शेवटी हातात काही उरते तिथे ‘काढणे’ येते, मग ती ईसीजीची पट्टी असो, फिल्म असो की रक्ताची बाटली.

क्षकिरण:
आता बऱ्याच ठिकाणी फिल्मसुद्धा हातात देत नाहीत, सगळे संगणकात असते, तरी लोक एक्स-रे काढतातच. सोनोग्राफीच्या वेळी मात्र चित्रांचा कागद मिळतो, तरी ती करतात. क्रियापद सवयीने चिकटते, तर्काने नव्हे. इकोबद्दल बोलायचे, तर स्वीडनमध्ये एडलर आणि हेर्ट्झ यांनी १९५३ साली हृदयाचे पहिले प्रतिध्वनी नोंदवले ते धातूंतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्रावर. मग त्यांनी ते काढले म्हणायचे की केले?

एडिंबरोवासी:
सुई टोचूनही तपासणी नॉन-इन्व्हेझिव्ह का राहते, या क्षकिरण यांच्या प्रश्नाला माझ्या मते उत्तर आहे. हा शब्द व्यवहारात प्रवेशापेक्षा धोक्याची पायरी दाखवतो. छातीत दुखणाऱ्या ३५६१ रुग्णांवर युरोपात झालेल्या ‘डिस्चार्ज’ या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. तीत एका गटाची तपासणी सीटीने सुरू झाली आणि दुसऱ्या गटाची नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीने. तपासणीशी निगडित गंभीर गुंतागुंती पहिल्या गटात ०.५ टक्के आणि दुसऱ्या गटात १.९ टक्के रुग्णांना झाल्या. ‘इन्व्हेझिव्ह’ हा शब्द हा फरक सूचित करतो. तेव्हा मराठी शब्द सुचवताना ‘आत’ आणि ‘बाहेर’ या जोडीत अडकून पडण्यात अर्थ नाही.

आमच्या गावाचे नाव या विषयात वारंवार येते म्हणून आणखी एक अडचण मांडतो. इथल्या संशोधकांनी २०१४ साली झटका येऊन गेलेल्या ४० रुग्णांची किरणोत्सारी सोडियम फ्लोराइड वापरून ‘पेट’ (पीईटी) तपासणी केली, म्हणजे ते द्रव्य शरीरात कुठे साठते याची चित्रे घेतली, आणि ३७ जणांमध्ये हे द्रव्य सर्वाधिक साठलेली जागा झटक्याला कारण झालेलीच निघाली. पूर्वी सगळे लक्ष वाहिनी किती टक्के अरुंद झाली यावर होते. आता तिच्या भिंतीतला थर कोणत्या जातीचा आहे, तो फुटेल का, याकडे संशोधनाचा रोख वळला आहे. या थराला इंग्रजीत ‘प्लाक’ आणि झटक्याला कारण झालेल्या थराला ‘कल्प्रिट’ म्हणतात. तो ‘कल्प्रिट’ मराठीत ‘गुन्हेगार’ लिहावा का? आणि ‘प्लाक’ला काय म्हणावे?

उंबरठा:
दातांवरच्या थराला आपण कीटण म्हणतो. धमनीतही कीटणच का नसावे? ‘गुन्हेगार’ मात्र नको, ‘कारणीभूत’ पुरे. रुग्णाच्या छातीत आधीच झटका होऊन गेला आहे, त्यात आणखी फौजदारी कशाला?

निरुक्ती:
‘धमनी’ हा शब्द हल्ली रुळला आहे, पण आमच्या शाळेत ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ होत्या आणि त्या कानाला किती गोड लागत. ‘हृद्‌रोहिणी’ हा शब्द असताना ‘कोरोनरी आर्टरी’ देवनागरीत लिहिणे म्हणजे घरात तूप असून डालडा आणणे आहे. ज्या भाषेने अज्ञात दर्शवणाऱ्या ‘एक्स’साठी ‘क्ष’ शोधला, तिला ‘प्लाक’ उसना घ्यावा लागू नये.

क्षकिरण:
‘क्ष’ उत्तमच आहे, माझे नावच त्यावर आहे. परंतु विभागाच्या दारावर ‘क्ष-किरण’ अशी पाटी होती आणि तिच्याखाली उभे राहून लोक मला विचारत, “एक्स-रे कुठे काढतात?”

दोनरकाने:
आपण सर्व जण मनापासून लिहीत आहात, आणि कीटण मी नक्की वापरणार आहे. मात्र माझे अकरा ‘नॉन-इन्व्हेझिव्ह’ अजून जागच्या जागी आहेत. त्यांच्या शेजारीच ‘परफ्यूजन’ आहे, आणि त्याला ‘रक्तपुरवठा’ लिहिले तर तो शब्द ‘ब्लड सप्लाय’ होऊन परत येतो.

पाटकरी:
मी वैद्यकातला नाही, घरचा ऊस आहे आणि वडील कालव्यावर पाटकरी होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितले ते मला पाण्याच्या भाषेतच कळले. अँजिओग्राफीत दिसतो तो पाट. पाटाला पाणी आहे म्हणून शेवटच्या वाफ्यातली सरी भिजलीच असे होत नाही. रात्री दारे धरणाऱ्याला ते पायाला कळते. परफ्यूजन म्हणजे ती सरी भिजणे. वडिलांच्या बाबतीत अडथळा काढून पाट मोकळा केला, तरी एमआरआयमध्ये मधला एक तुकडा कोरडाच दिसला, कारण अगदी बारीक वाहिन्या आतून बंद झाल्या होत्या. म्हणून मी ‘पुरवठा’ म्हणणार नाही, ‘ओल’ म्हणेन. ‘स्नायूची रक्तओल’ असे लिहिले, तर आमच्याकडे समजेल.

निरुक्ती:
पाटकरी, आपले वर्णन अप्रतिम आहे, पण ‘रक्तओल’ हा समास मला सहन होत नाही. संस्कृत ‘रक्ता’ला देशी ‘ओल’ जोडली, की शब्द धेडगुजरी होतो. ‘रक्तसिंचन’ म्हणावे, त्यात आपले शेतही येते.

पाटकरी:
सिंचन सरकार करते, ताई. ओल जमिनीला असते.

एडिंबरोवासी:
हा फरक शास्त्राच्या दृष्टीनेही खरा आहे, कारण सिंचन ही क्रिया झाली आणि ओल हा परिणाम. परफ्यूजनची तपासणी परिणामच पाहते. पाटकरींच्या वडिलांना दिसला त्या कोरड्या तुकड्याविषयी सांगायचे, तर गॅडोलिनियम दिल्यावर साधारण दहा मिनिटांनी घेतलेल्या चित्रात मेलेला स्नायू पांढरा शुभ्र दिसतो, निरोगी स्नायू काळा दिसतो, आणि बारीक वाहिन्या बंद झालेली जागा त्या पांढऱ्याच्या पोटात पुन्हा काळी दिसते. उजळ ते मेलेले, ही गोष्ट रुग्णाला समजावणे कठीण जाते.

मेलेल्या स्नायूला इंग्रजीत ‘इन्फार्क्ट’ म्हणतात, त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘ठासून भरणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे, आणि प्रहसन या अर्थाचा ‘फार्स’ही तिथूनच आला आहे.

उंबरठा:
म्हणजे आपल्या भरल्या वांग्यांचा आणि हृदयविकाराचा संबंध लॅटिननेही मान्य केला म्हणायचा. माझा प्रश्न मात्र वेगळा आहे. ‘हायबरनेटिंग’ स्नायूसाठी ‘शीतनिद्रा घेणारा’ असे एका लेखात वाचले आणि मला फक्त जीवशास्त्राच्या पुस्तकातला बेडूक आठवला.

एडिंबरोवासी:
ही संज्ञा १९८० च्या दशकात शाहबुद्दीन रहीमतुला यांनी रूढ केली. रक्त दीर्घकाळ अपुरे मिळत असल्यामुळे स्नायू आपले काम कमी करतो, पण जिवंत राहतो, आणि रक्त पुरेसे मिळू लागल्यावर पुन्हा हलू शकतो. त्याच्याशी नेहमी गल्लत होते तो ‘स्टन्ड’ स्नायू. ही संज्ञा ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांच्या १९८२ सालच्या लेखामुळे प्रचारात आली. त्यात रक्त पूर्ववत झालेले असते, तरी स्नायू काही काळ हलत नाही. जिवंत स्नायू किती उरला आहे हे कळल्याखेरीज बायपासचा उपयोग होईल का, हे ठरवणे अवघड जाते. म्हणून ही दोन नावे सांभाळून वापरावी लागतात.

पाटकरी:
पहिल्यासाठी मराठीत शब्द तयार आहे. मिळकत कमी झाली की माणूस हात आखडता घेतो. तो स्नायूही हात आखडता घेतो. त्याला ‘आखडता स्नायू’ म्हणा आणि दुसऱ्याला ‘सुन्न स्नायू’.

क्षकिरण:
‘आखडता’ नको, पाटकरी. मान आखडली, पाय आखडला, असे म्हणणारे रुग्ण मी रोज पाहिले. छातीतला स्नायू आखडला म्हटले, की त्यांना पेटका आल्यासारखे वाटेल. ‘सुन्न’ मात्र चांगला आहे.

निरुक्ती:
‘सुप्त’ आणि ‘स्तब्ध’ हे शब्द कोणाला का आठवत नाहीत, हे मला कळत नाही.

उंबरठा:
आठवतात, पण ‘स्तब्ध’ म्हटले की श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटे उभे राहावेसे वाटते, आणि हृदयाच्या संदर्भात ते योग्य नाही. दोनरकाने, आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. सरकारी भिंतींवर ‘बिनटाका शस्त्रक्रिया’ आपण सर्वांनी वाचलेली आहे. त्या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. त्याच वळणाने ‘बिननळी तपासणी’ म्हणावे.

निरुक्ती:
‘बिन’ हा फारसी उपसर्ग आहे. राज्यव्यवहारकोश करून घेणाऱ्या राजाच्या प्रदेशात आपण साडेतीनशे वर्षांनी पुन्हा तिकडेच चाललो आहोत.

उंबरठा:
‘बिन’ हा ‘विना’चाच झिजलेला अवतार आहे, फारसीतला ‘बिला’ निराळा. बिनबोभाट, बिनचूक, बिनपाण्याची हे शब्द आपण फारसीतून आणलेले नाहीत.

निरुक्ती:
‘विना’ पासून आला असेल, तर ‘विनानळी’ म्हणा. शुद्ध रूप उपलब्ध असताना झिजलेले का घ्यावे?

क्षकिरण:
झिजलेले नाणेच जास्त हातांतून गेलेले असते, ताई.

दोनरकाने:
सोमवार होऊन गेला, म्हणून कळवते. मी एक शब्द वापरण्याचा हट्ट सोडला आणि पत्रकाच्या सुरुवातीला एकदाच असे वाक्य घातले, की ‘या तपासणीत तुमच्या शरीरात कोणतीही नळी न घालता बाहेरूनच हृदयाची चित्रे काढली जातात’, आणि पुढे सगळीकडे ‘ही तपासणी’ एवढेच ठेवले. ‘काढली’ लिहिताना उंबरठा यांची आठवण झाली. उलट भाषांतर या वेळी व्यवस्थित आले. मात्र समितीतल्या एका डॉक्टरांनी वाक्याखाली रेघ मारून परत पाठवले आहे. गॅडोलिनियम देण्यासाठी हाताच्या शिरेत इंट्राकॅथ लावतात, टोचून झाल्यावर सुई बाहेर निघते आणि आत राहते ती प्लास्टिकची बारीक नळीच, तेव्हा ‘कोणतीही नळी न घालता’ हे विधान चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

क्षकिरण:
त्यांचे म्हणणे बरोबर आहे. हे माझ्या आधी लक्षात यायला हवे होते.

उंबरठा:
‘हृदयापर्यंत नळी न नेता’ असे लिहिले तर?

निरुक्ती:
‘न नेता’ मध्ये दोन ‘न’ एकमेकांवर आपटतात. शिवाय ‘नळी’ मूळची ‘नलिका’. तिचा विचार कोणी केला आहे का?