वडिलांच्या माडीवरचे कागद: ओव्यांच्या वह्या, मोडी रुमाल, एकतीस कॅसेट. कुठून सुरुवात करू?

माणदेशी_लेक

नमस्कार. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, माणदेशातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. नोकरी इतिहासाची, पण जीव लोकसाहित्यात. रविवार उजाडला की आधी सायकल, पुढे लुना काढायची आणि एखादं गाव गाठायचं. जात्यावरच्या ओव्या, धनगरांचं सुंबरान (देवाला आळवणारी गाणी), बिरोबाच्या कथा, वीरगळांच्या (लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळांच्या) नोंदी, जे मिळेल ते उतरवून आणायचे. गेल्या पावसाळ्यात ते गेले. भावाला घर विकायचंय. दिवाळीपर्यंत माडी रिकामी करायची आहे आणि आईला वाटतं, रद्दीवाल्याला बोलवावं. आईला दोष नाही देत. चाळीस वर्षं तिनेच त्या कागदांवरची धूळ झटकलीय.

माडीवर चार ट्रंका आहेत. एकीत नुसत्या वह्या. दुसरीत पत्रं, आलेली आणि पाठवलेल्यांच्या कार्बन प्रतीसुद्धा. तिसरीत लाल फडक्यात बांधलेले मोडी कागद, त्यांना ते ‘रुमाल’ म्हणायचे. चौथीत कॅसेट आणि बुटांच्या खोक्यांतून रचलेली कार्डं. ही कार्डं म्हणजे लग्नपत्रिका. कोरी बाजू वापरता यावी म्हणून सारख्या मापात कापलेल्या. एका बाजूला ‘चि. सौ. कां.’ अर्धवट तुटलेलं, दुसऱ्या बाजूला ओवी, खाली बाईचं नाव, माहेर, सासर, अंदाजे वय. परवा एक कार्ड हाती आलं. त्यावर ओवीची एकच ओळ आणि खाली बारीक अक्षरात, ‘इथे सासू आली. गाणं थांबलं.’ दुसरी ओळ पुढच्या कार्डावर, तीन महिन्यांनंतरच्या तारखेची. म्हणजे त्या एका ओळीसाठी दादा परत त्या गावी गेले होते. मी तिथेच जिन्यात बसून राहिले.

माझी अडचण ही आहे. एका दुपारी मी सगळं विषयवार लावायला घेतलं, ओव्या एकीकडे, पत्रं एकीकडे, आणि तासाभरात लक्षात आलं की मी काहीतरी मोडतेय. थांबले. एका ठिकाणी विचारलं, तर ‘छापील पुस्तकं द्या, सुटे कागद नकोत’ असं उत्तर आलं. त्याआधी पीएच.डी. करणारा एक मुलगा दोन वह्या घेऊन गेला, तो आता फोन उचलत नाही. म्हणून आता कुणाच्या हाती काही द्यायची छाती होत नाही. ठेवायचं काय, द्यायचं कुणाला, आणि तोवर माझ्या हातून नुकसान होऊ नये म्हणून काय करू?

जुना_दफ्तरी

ताई, तुम्ही थांबलात तेच बरोबर केलंत. मी अभिलेखागारात नोकरी काढली, म्हणून खात्रीने सांगतो: कागद ज्या क्रमाने सापडले तो क्रमसुद्धा एक माहितीच असते. पत्रांच्या गठ्ठ्यात मध्येच एखादं ओवीचं कार्ड असेल तर ते चुकून पडलेलं नसेल. बहुतेक त्या पत्राचं उत्तर लिहिताना त्यांनी ते काढलं असेल. विषयवार लावलंत की तो धागा तुटतो, आणि नंतर कितीही शहाणा माणूस आला तरी त्याला तो जोडता येत नाही. त्या दुपारी जे हललं ते आठवतंय तोवर कागदावर लिहून ठेवा. मग प्रत्येक ट्रंक उघडून वरून एक फोटो, प्रत्येक थर उचलल्यावर एक फोटो. ट्रंकेला क्रमांक, गठ्ठ्याला क्रमांक, मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात. शाईचं पेन जवळ आणूच नका.

आता हाताचं काम. गंजलेल्या टाचण्या आणि रबर बँड हलकेच काढा. टाचणी ओढू नका, कागदाखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा आणि सोडवा. फाटलेल्याला सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही, ते परत निघत नाही. ओल आली म्हणून उन्हात वाळत घालू नका, शाई उडते. सावलीत, पंख्याचा झोत थेट कागदावर न येऊ देता. रुमालाचं फडकं जीर्ण झालं असेल तर नवं मांजरपाट घ्या, पण आधी दोनदा धुऊन त्याची खळ काढा. खळीवर कसर येते, हे आम्ही एका दफ्तरावर शिकलो. लाल फडक्याचा रंग सुटत असेल तर तो बदला, मात्र फडकं टाकू नका, त्यावर काही लिहिलेलं असू शकतं.

कॅसेटची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. कागद शंभर वर्षं तग धरतो, फीत धरत नाही. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे चौकोनी प्लॅस्टिकचे खिळगे (टॅब) असतात, ते आजच मोडा, म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही. पांढरी बुरशी दिसली तर घरच्या जुन्या टेपवर लावू नका, फीत अडकली की बाईचा आवाज गेला. जाणकाराकडून वेव्ह फाईल (WAV, आवाज न घटवता साठवणारी) करून घ्या, नुसत्या एमपीथ्रीवर समाधान मानू नका. आणि खोक्यावरच्या चिठ्ठीचा फोटो त्या फाईलबरोबरच ठेवा.

पोथीवाला

देण्याबद्दल थोडं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच कामात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या लोकांनी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं केलं, त्यांचे कागद गावाबाहेर पांगू नयेत म्हणून. मी हे का सांगतोय, तर माणसाचा संग्रह एकत्र राहिला तरच त्याला अर्थ राहतो. वह्या एकीकडे, मोडी दुसरीकडे असं वाटून टाकू नका. कुणीही घ्यायला तयार झालं तरी आधी लेखी दानपत्र करा. त्यात यादी, संग्रहाला वडिलांचं नाव, तुम्हाला डिजिटल प्रत आणि वाचकांना पाहायला मिळेल ही अट.

कायद्याचं एक लक्षात ठेवा. वडिलांनी लिहिलेल्याचा हक्क त्यांच्यानंतर साठ वर्षं वारसांकडे. पण त्यांना आलेल्या पत्रांचा कागद तुमचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. जपून ठेवा, दाखवा, छापायच्या आधी विचारा. शिवाय पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनी महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, त्यामुळे कुणी परदेशात पाठवायला मागितली तर सरळ नाही म्हणा.

दळणाची_ओवी

ताई, बाईचं नाव, माहेर, सासर हे जे दादांनी लिहिलंय ना, ते सोनं आहे. ग्यी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कित्येक आज ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात आणि गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव सोबत असतं. पूर्वी कितीतरी संग्रहांत नुसतं ‘एका म्हातारीकडून’ असं असायचं. माझ्या आजीच्या ओव्या अशाच एका पुस्तकात बिननावाच्या छापल्यात, आम्हाला नुसत्या चालीवरून ओळखू येतात. म्हणून यादी करताना ‘ओव्या’ एवढंच लिहू नका, प्रत्येक बाई लिहा. पण सासूबद्दल, नवऱ्याबद्दल काही कडू असेल तर ती बाई किंवा तिची मुलं हयात आहेत का ते बघून मगच बाहेर काढा. तिनं ते जात्याला सांगितलं होतं, गावाला नाही.

माणदेशी_लेक

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. दोन रविवार लागले, चारही ट्रंकांचे फोटो झाले, एकतीस कॅसेटचे खिळगे मोडले. पाच कॅसेटवर बुरशी आहे, त्या वेगळ्या ठेवल्यात.

तिसऱ्या ट्रंकेतली एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. सहाव्या रुमालात आत चिठ्ठी निघाली, दादांच्या अक्षरात: ‘कुळकर्ण्यांच्या वाड्यातून वाचायला आणले. परत देणे.’ १९५० च्या कायद्याने कुळकर्ण्यांची वतनं गेली तेव्हा अशी दफ्तरं, म्हणजे कागदांचे गठ्ठे, घराघरांत पडून राहिली, हे दादाच सांगायचे. चिठ्ठीवर तारीख १९८७ ची. म्हणजे हा रुमाल आमचा नाहीच, दानपत्रात तो येणार नाही. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ते दर दिवाळीला म्हणायचे, यंदा नेऊन देतो.

भावाने मार्गशीर्षापर्यंत मुदत दिली आहे. मांजरपाट आणून दोनदा धुतलं, दोरीवर वाळतंय. त्या गावात वाडा अजून उभा आहे आणि तिथे थोरल्या पातीची सून राहते, एवढं फोनवर कळलं. येत्या रविवारी आई आणि मी एसटीने जातोय. फोटो काढून झालेत, रुमाल नव्या फडक्यात बांधायचा आहे, चिठ्ठी मात्र त्यातच ठेवणार आहे.