मदत हवी आहे: वडीलजनांच्या मंडळातून एकटा बिशप कसा पुढे आला?

नमस्कार. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) सध्या कारभार कोणाच्या हाती असावा यावरून वाद पेटलाय. एक गट म्हणतो, आरंभीच्या मंडळीत वडीलजन, म्हणजे मंडळीतले जाणते पुढारी, मिळून निर्णय घेत. दुसरा म्हणतो, येशूच्या प्रेषितांनीच बिशप नेमले, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा. दोघेही बायबल उघडून दाखवतात. पुढच्या महिन्यात तरुण संघात मला याच विषयावर बोलायचं आहे. मुलांना कोणाची तरी बाजू शिकवण्यापेक्षा त्या काळी खरोखर काय होतं ते सांगावं, असं मनापासून वाटतं.

माझी गाडी इफिसपाशी अडली आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २० मध्ये पौल मिलेतहून निरोप धाडून इफिसच्या मंडळीच्या वडिलांना बोलावून घेतो आणि पुढे त्यांनाच कळपाचे अध्यक्ष म्हणतो (मूळ ग्रीक शब्द एपिस्कोपोस, त्यातूनच पुढे 'बिशप' आला). म्हणजे वडील आणि अध्यक्ष ही तीच माणसं, आणि एकापेक्षा जास्त. फिलिप्पैकरांच्या पत्रातही अध्यक्ष अनेकवचनीच आहेत. इ.स. ९६ च्या सुमारास रोमच्या मंडळीने करिंथला लिहिलेलं पत्र (क्लेमेंटचं म्हणतात ते, पण आत त्याचं नाव नाही) घ्या. तिथे काही जणांनी वडिलांना पदावरून हटवलं म्हणून रोमवाले कळवळून लिहितात, पण करिंथच्या कुणा एका बिशपाचा उल्लेखही करत नाहीत.

आणि मग साधारण इ.स. ११० च्या आसपास अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस. दहा शिपायांच्या पहाऱ्यात त्याला मरणासाठी रोमला नेत होते. वाटेत त्याने इफिसला पत्र लिहिलं, त्यात तिथला बिशप ओनेसिम हा एकटा, वडीलजन त्याच्याभोवती. स्मुर्णाच्या पत्रात तर बिशपाशिवाय बाप्तिस्मा नको, प्रीतिभोजन (मंडळीचं एकत्र जेवण) नको, इथपर्यंत. पौलाच्या त्या निरोपापासून जेमतेम पन्नास वर्षं झाली होती, शहर तेच इफिस. मधे काय घडलं? सगळीकडे असंच झालं का? कोणी जाणकार असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, प्रश्न अगदी नेमका धरलात. सगळीकडे एकदम झालं नाही, हे आधी मुलांना सांगा. त्याच इग्नेशियसची सात पत्रं आहेत. आशियातल्या मंडळ्यांना लिहिताना तो बिशपाचा धोशा लावतो, पण रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तिथल्या बिशपाचं नावही नाही. स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प फिलिप्पैच्या मंडळीला लिहितो तेव्हा 'पॉलिकार्प आणि त्याच्यासोबतचे वडीलजन' अशी सुरुवात करतो, आणि फिलिप्पैच्या लोकांना वडिलांच्या व सेवकांच्या आज्ञेत राहा म्हणतो. बिशप तिथे दिसत नाही. त्या पत्रातला वालेन्सचा भाग जरूर वाचा. हा तिथला एक वडील, पैशाच्या लोभापायी घसरला. पॉलिकार्प त्याच्यासाठी दुःख करतो आणि मंडळीला सांगतो की त्याला शत्रू समजू नका, भरकटलेल्या अवयवासारखं परत आणा. नेतृत्व म्हणजे काय हे मुलांना त्यातून जास्त कळेल.

कारणांविषयी माझं मत असं. मंडळीची काही कामं कोणी तरी एकानेच पाहण्याजोगी होती: बाहेरगावी पत्रं पाठवणं, विधवा-अनाथांसाठी जमलेली रक्कम सांभाळणं, आलेल्या शिक्षकाला आत घ्यायचं की नाही ते ठरवणं. दुसऱ्या शतकातल्या हर्मास या रोमच्या ख्रिस्ती लेखकाच्या ग्रंथात याची छान झलक आहे. दृष्टांतात त्याला मिळालेल्या संदेशाच्या दोन प्रती लिहायला सांगतात. एक क्लेमेंटला द्यायची, तो ती बाहेरच्या शहरांना पाठवेल, कारण ते त्याचं काम. दुसरी ग्राप्ते नावाच्या बाईला, ती विधवांना आणि अनाथांना समजावेल. हर्मासने स्वतः मात्र ती वडीलजनांसोबत शहरात वाचायची. म्हणजे रोममध्ये तेव्हाही वडीलमंडळच होतं, पण बाहेरचा व्यवहार एकाच्या हाती. अशा माणसाचा शब्द हळूहळू वजनदार होणारच. त्यात भलत्या शिकवणीचे गट फुटू लागले, तेव्हा 'खरी मंडळी कोणती' याची खूण म्हणून लोक एका माणसाकडे बघू लागले.

हे आजच्या अभ्यासकांनीच काढलेलं नाही. चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विद्वान जेरोम स्पष्ट लिहितो की मुळात बिशप आणि वडील एकच होते, फूट टाळायला नंतर एकाला वर बसवलं. अलेक्झांड्रियात वडीलजन आपल्यातूनच एकाला निवडून बिशप म्हणत, हेही तोच सांगतो.

प्रतिसाद २

यात एक भर. यरुशलेममध्ये प्रभूचा भाऊ याकोब अगदी सुरुवातीपासून पुढारी दिसतो, वडीलजनही सोबत असतात. त्यामुळे 'आधी फक्त मंडळ, मग एकटा' ही सरळ रेषा ओढू नका. फिरत्या संदेष्ट्यांनाही विसरू नका. दिदाखे हा जुना नियमग्रंथ म्हणतो, फिरता प्रेषित तीन दिवस राहिला किंवा त्याने पैसे मागितले तर तो खोटा. मग तोच ग्रंथ सांगतो, आपल्यासाठी अध्यक्ष व सेवक निवडा, तेही तुमची संदेष्ट्यांचीच सेवा करतात. 'निवडा' असं मंडळीलाच सांगितलंय, हे तुमच्या दोन्ही गटांना दाखवा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. जेरोमचं आणि वालेन्सचं नक्की घेते. आता एक अडचण उरली. रोमकरांस पत्र, अध्याय १६ मध्ये किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी आहे. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो की मंडळीत 'सेविका' म्हणवणाऱ्या दोन दासींचा छळ करून त्याने जबाब घेतला. या बायकांकडे मंडळीतलं नेमकं कोणतं काम होतं? संघात मुली जास्त आहेत, त्या हे विचारणारच.