'पॅसिव्ह इन्कम'ला आपल्याकडे काय म्हणतात?

शब्दखोर

भाचा पुण्यात आयटीत आहे. पंचेचाळिशीत नोकरी सोडणार म्हणतो. "पॅसिव्ह इन्कम उभं करतोय," असं त्याने जेवताना सांगितलं, तर माझी आई म्हणजे त्याची आजी म्हणाली, "म्हणजे करतोस काय?"
"काही करायचं नसतं गं, पैसे आपोआप येतात."
"पेन्शन का?"
"नाही. थोडं भाडं, थोडं व्याज, थोडा डिव्हिडंड."
"मग तसं म्हण की."

नेमका त्याच आठवड्यात मी एका आर्थिक लेखाचं भाषांतर करत होते. तिथे 'निष्क्रिय उत्पन्न' लिहिलं आणि दोन दिवस ते दातात अडकल्यासारखं सलतंय. 'अर्ली रिटायरमेंट'ला कोशात 'मुदतपूर्व निवृत्ती' मिळाली. पण मुदतपूर्व म्हटलं की एक तर प्रसूती आठवते, नाही तर तुरुंगातून सुटका. (सुटका फारशी चुकीची नाही म्हणा.) सुचवा काहीतरी.

व्हीआरएसवाला

'निष्क्रिय' मुळीच नको. बँकेत आम्ही निष्क्रिय म्हणायचो ते दोन वर्षं व्यवहार न झालेल्या खात्याला. उत्पन्न निष्क्रिय कसं असेल? ते तर येतंय. बसलाय तो माणूस. विशेषण भलत्याच्याच गळ्यात पडलंय.

सरकारी बँकांत व्हीआरएसची लाट आली तेव्हा, २००१ साली, मी बाहेर पडलो. कागदावर 'स्वेच्छानिवृत्ती', पण आमच्या आळीत सगळे म्हणाले "पेन्शनीत निघाले". त्या बोलीतलं क्रियापद ऐका. पगार 'होतो': "पगार झाला का?" पेन्शन मात्र 'खातात'. वडिलांनी तीस वर्षं नोकरी केली आणि बत्तीस वर्षं पेन्शन खाल्ली. वतन खातात, इनाम खातात, व्याज खातात. लाचही खातात, तो विषय वेगळा. म्हणजे श्रमाचा आणि पैशाचा संबंध तुटला की मराठी माणूस 'खाणे'वर येतो. त्यात किंचित टोमणा आहे. 'आयतं' या शब्दातही तोच आहे, म्हणून 'आयतं उत्पन्न' तुमच्या भाच्याला रुचणार नाही.

कलमवाला

आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला याला शंभर शब्द होते. जमीन दुसऱ्याने कसायची आणि ठरलेलं भात किंवा रोकड मालकाला द्यायची, तो खंड. पीक अर्धं अर्धं वाटून घ्यायचं तर अर्धेली. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा आणि मधलं राखायचं, ती खोती. मुंबईचा चाकरमानी गिरणीत राबायचा तेव्हाही गावचा खंड येतच होता. मग १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं मालक मानली गेली. आजोबांचं पॅसिव्ह इन्कम त्या तारखेला संपलं. ज्यांचं ते ॲक्टिव्ह होतं, त्यांच्या घरी त्या दिवशी दिवाळी झाली असणार.

गोव्यातही गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या, उत्पन्नातून गावकारांना वाटा मिळायचा. पोर्तुगीज कागदांत त्याला 'जोनो' म्हणतात. तेव्हा कल्पना काही अमेरिकेतून आलेली नाही. शब्द तेवढा आलाय.

मिळकतवाली

शब्द तुमच्यासमोर आहे: मिळकत.

पुण्यात घरपट्टीच्या बिलावर काय लिहिलेलं असतं? 'मिळकतकर'. मुंबईत त्याचाच 'मालमत्ता कर' होतो. खरेदीखतात 'स्थावर मिळकत' म्हणजे घर, जमीन. आणि "महिन्याची मिळकत किती?" म्हटलं की पैसे. झाड आणि फळ, दोन्हींना एकच नाव. पॅसिव्ह इन्कम म्हणजे तरी दुसरं काय? अशी मिळकत, जिच्यातून मिळकत येते.

व्याकरण आणखी बोलकं आहे. कमाई 'मी' करतो: मी कमावले. मिळकतीत मी 'मला' होतो: मला मिळाले. कर्ता बाजूला बसला! 'कमाई' आणि 'मिळकत' एवढा भेद ठेवला, तर 'निष्क्रिय' वगैरे काही जोडायची गरज नाही. प्राप्तिकरातली 'प्राप्ती' तशीच आहे, पण ती फार सोवळी.

शब्दखोर

ताई, 'कर्ता बाजूला बसला' हे फार आवडलं. पण लोक पगारालाही मिळकत म्हणतातच की.

मिळकतवाली

म्हणतात. मग पहिल्यांदा 'बसल्या जागची मिळकत' म्हणा, पुढे नुसती 'मिळकत'. वाचकाला कळतं.

डॉलरदेशी

न्यू जर्सीतून एक भर. इथल्या करकायद्यात १९८६ पासून 'पॅसिव्ह' या शब्दाला नेमका अर्थ आहे: ज्यात तुमचा स्वतःचा भरीव सहभाग नाही असा धंदा, आणि सहसा घरभाडं. व्याज-डिव्हिडंड त्यात येतच नाहीत, ते 'पोर्टफोलिओ' उत्पन्नात. भारताच्या प्राप्तिकर कायद्यात तर उत्पन्नाची पाचच शीर्षकं, त्यात पॅसिव्ह नावाचं एकही नाही. मग भाषांतर कुठल्या पॅसिव्हचं करताय?

व्हीआरएसवाला

आजीने ओळखलेल्याचं!

गंमत सोडा, एक भेद मात्र लेखात ठेवा. पोस्टाच्या मंथली इन्कममध्ये २०२४ च्या ७.४ टक्क्यांनी ९ लाखांवर महिना ५,५५० रुपये येतात आणि पाच वर्षांनी मुद्दल शाबूत परत मिळते. ही मिळकत. (महागाईने तिची किंमत किती उरते ते तेलाच्या डब्याला विचारा.) पण ही लवकर निवृत्तीवाली मुलं वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमवा आणि वर्षाला ४ टक्के काढा म्हणतात, ते गणित अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली अमेरिकी बाजाराच्या आकड्यांवरून मांडलं आणि ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी मांडलं. त्यात मुद्दलही खाल्ली जाते. तिला मिळकत म्हणू नका, ती बेगमी. पावसाळ्याची करतात तशीच, फक्त पंचेचाळिशीत निघालेल्याचा पावसाळा तीस वर्षांत सरेलच असं नाही.

गोठेकरी

शहरातली माणसं 'आपोआप' शब्द फार सहज वापरतात. आमच्यात 'दुभती' म्हणतात. आता दुभती म्हैस दूध देते म्हणून ती बसल्या जागची का? वैरण, पेंड, डॉक्टर, पहाटेची धार. आणि मध्ये भाकड काळ असतो, तेव्हा खाणं चालू आणि दूध बंद. भाड्याच्या फ्लॅटचंही तेच ना?

शब्दखोर

लेखात 'बसल्या जागची मिळकत' केलं, आणि साठवलेल्या रकमेला 'बेगमी'. 'मुदतपूर्व' काढून 'लवकर निवृत्ती' ठेवलं, साधं आहे पण चालतंय.

भाच्याचा फोन आला होता. भाडेकरूने अकरा महिन्यांचा करार संपताच घर सोडलं. दोन महिने झाले, नवा मिळत नाही, मेंटेनन्स मात्र भरावा लागतोय, आणि रंगकामाला माणूस शोधतोय. आईला गोठेकरींचं उत्तर आधीच वाचून दाखवलं होतं. तिने फोन हातातून घेतला आणि विचारलं, "भाकड गेली का रे?"