वापरलेल्या व्ही-क्रॉससाठी सस्पेन्शन, चाके आणि टायर : खर्च कोणत्या क्रमाने करावा?

सड्यावरचा_बागायतदार :

नमस्कार. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉसचे २०१७ चे मॉडेल, साधारण नव्वद हजार किलोमीटर चाललेले, नुकतेच विकत घेतले आहे. गाडी फोर बाय फोर असून तिला कंपनीचीच १६ इंची अलॉय चाके आणि २४५/७० आर १६ मापाचे (रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १६ इंच) टायर आहेत. आमची बाग देवगड तालुक्यात जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर आहे. शेवटचा दोनेक किलोमीटरचा रस्ता म्हणजे उघडा कातळ, आणि पावसाळ्यात त्यावर लाल चिखल असतो. आठवड्यातून एखादी फेरी फोंडा घाटाने कोल्हापूरला होते. हौद्यात कधी खताच्या गोण्या असतात, तर उन्हाळ्यात कलमांना पाणी घालण्यासाठी ५०० लिटरची टाकी ठेवतो.

बागेच्या रस्त्यावर गाडी खाली घासते आणि रिकामी असताना मागून फार उडते. त्यामुळे दोन इंचांचा लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणे), १७ इंची नवी अलॉय चाके आणि त्यांवर २६५/६५ आर १७ मापाचे ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) टायर असा बेत मनात आहे. खर्चाची तयारी दीड लाखापर्यंत आहे, पण तो सगळा एकदम करण्याची घाई नाही. कोणते काम आधी करावे, कोणते नंतर आणि कोणते मुळीच करू नये, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाटे_आणि_बुश :

गाडीबद्दल अभिनंदन. नवीन काही घेण्यापूर्वी एक अर्धा दिवस गॅरेजमध्ये घालवा. नव्वद हजार चाललेल्या गाडीचे मूळ सस्पेन्शन चांगले की वाईट, हे आज आपल्याला सांगता येणार नाही, कारण आपण चालवत आहात ते थकलेले सस्पेन्शन आहे. मागून उडण्याचे अर्धे कारण गेलेले शॉकॲब्सॉर्बर हे असू शकते. उरलेले अर्धे कारण असे की, पाट्यांची (एकावर एक पाने रचलेल्या स्प्रिंगची) मागची बाजू वजन वाहण्यासाठी बनवलेली असते आणि हौदा रिकामा असताना ती थोडी उडणारच.

पुढची बाजू जॅकवर घेऊन चाक आधी वर-खाली धरून हलवून पाहावे. तेथे खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग पाहावे लागेल. नंतर ते डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवावे, म्हणजे टाय रॉड एंड आणि स्टीअरिंग रॅकचा अंदाज येतो. लोअर आर्मच्या बुशांना (सांध्यांतल्या रबरी कड्यांना) पहार लावून रबर फाटले आहे का ते बघा. मागे पाट्यांच्या डोळ्यांतले (टोकाच्या भोकांतले) बुश आणि शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी कडी) तपासावेत, प्रत्येक पान बॅटरीच्या उजेडात निरखावे, कारण तडा बहुधा सेंटर बोल्टच्या आसपास जातो. गाडी आधीपासून किनारपट्टीवर वापरलेली असेल तर पाटे एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या आट्या आणि शॉकॲब्सॉर्बरचे खालचे कंस गंजलेले असण्याची शक्यता मोठी आहे. गंजलेला यू-बोल्ट सोडवला की तो परत वापरू नये.

टायरच्या बाजूवर निर्मितीचा चार आकडी शिक्का असतो, तोही वाचा. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. असा शिक्का असलेल्या टायरवर नक्षी कितीही शिल्लक दिसली, तरी घाटात त्यावर विसंबू नये. नक्षी एकाच कडेने झिजली असेल तर आधी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) आणि बुश, मगच नवे टायर. अन्यथा नवे टायरही त्याच कडेने झिजतील आणि दोष टायरच्या कंपनीला दिला जाईल.

एक प्रश्न विचारतो : गाडी नेमकी कोठे घासते? खाली वाकून खुणा पाहून सांगा. माझा पुढचा सल्ला त्या उत्तरावर अवलंबून आहे.

माप_पट्टी :

मी फक्त चाके आणि टायर यांविषयी लिहितो.

आपल्या मूळ टायरचा व्यास हिशोबाने ७४९ मिलिमीटर येतो. २६५/६५ आर १७ चा व्यास ७७६ आणि २६५/७० आर १६ चा ७७७. म्हणजे १७ इंची चाक घेऊन उंचीत काहीच जास्त मिळत नाही. उलट रिम आणि जमीन यांमधली रबराची भिंत १८५ मिलिमीटरवरून १७२ वर येते. कातळाच्या रस्त्यावर हीच भिंत धक्का सोसते आणि रिम वाचवते, त्यामुळे आपल्या वापरासाठी १६ इंची चाक हेच योग्य चाक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. १७ इंची चाके सुंदर दिसतात हे मान्य, पण दिसण्याचे पैसे वेगळ्या खात्यातून काढावेत.

व्यास साधारण पावणेचार टक्के वाढला की त्याचे परिणाम सर्वत्र होतात. स्पीडोमीटर मूळ चाकांवर अचूक आहे असे धरले, तर काट्यावर ८० दिसत असताना गाडी ८३ ने जात असेल, आणि किलोमीटरची नोंद कमी झाल्याने ॲव्हरेज आहे त्याहून वाईट भासेल. याहून महत्त्वाचे म्हणजे सगळेच गिअर तेवढ्या प्रमाणात लांब होतात. या २.५ लिटर इंजिनाचा ३२० न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क १८०० फेऱ्यांना मिळतो आणि त्याखाली ते मंद असते. फोंडा घाटातल्या वळणावर भरलेल्या गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये उठताना हा फरक क्लचला जाणवतो. म्हणून २५५/७० आर १६ या मधल्या मापाचाही विचार करावा : व्यास ७६३, वाढ दोन टक्क्यांच्या आत, आणि मूळ रिमवर कोणतीही तडजोड न करता बसणारे.

तरीही नवी चाके घ्यायचीच असतील, तर सहा बोल्टांचे १३९.७ हे पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) जुळणे पुरेसे नाही. चाकाचा ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून बोल्टांच्या बैठकीचे अंतर, पाहावा लागतो. तो मूळ चाकाच्या आतल्या बाजूला ओतीव अक्षरांत असतो. ऑफसेट २० मिलिमीटरने कमी असलेले चाक तेवढेच बाहेर येते, रिम एक इंच रुंद असेल तर आणखी बारा-तेरा मिलिमीटरची भर पडते. मग पूर्ण वळवताना टायर मडगार्डच्या अस्तराला घासतो, खड्ड्यात स्टीअरिंग हाताला हिसका देते आणि व्हील बेअरिंगवरचा भार वाढतो. व्हील स्पेसरने (चाकामागे घालायच्या जाड चकतीने) हाच दोष विकत मिळतो.

नक्षी ऑल-टेरेनच घ्या. मड-टेरेन (खास चिखलासाठीचे) टायर लाल चिखलात उत्तम चालतात, पण पावसात भिजलेल्या डांबरावर त्यांचे मोठे ठोकळे पकड सोडतात आणि आपला घाट डांबरी आहे. भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो हे सांगणारा, टायरवर छापलेला आकडा) मूळ टायरइतका किंवा अधिक असावा. १११ म्हणजे प्रत्येक टायरला १०९० किलो. जांभ्याचे कंगोरे टायरच्या कुशीत (बाजूच्या भिंतीत) घुसतात, म्हणून कूस जाड असलेले टायर घ्या, वजन थोडे वाढले तरी चालेल. आणि टायर पाच घ्यावेत, चार नव्हेत. या गाडीची फोर बाय फोर यंत्रणा पार्ट-टाइम आहे, दोन एक्सलांमध्ये डिफरन्शियल (त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही. लहान मापाची स्टेपनी लावून फोर-व्हील ड्राइव्ह टाकला तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या एक्सलांना शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो.

सड्यावरचा_बागायतदार :

दोघांचेही आभार. आज गाडी शेजारच्या ट्रकच्या रॅम्पवर चढवून पाहिली. सर्वांत जास्त ओरखडे दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांच्या नळीवर आहेत, त्याखालोखाल मागच्या टो-हुकवर. मागच्या डिफरन्शियलवर एकच जुनी खूण दिसते. डावीकडचा मागचा शॉकॲब्सॉर्बर तेलाने ओला आहे आणि त्यावर धूळ चिकटून काळा थर झाला आहे. टायरचा शिक्का २०१७ चाच निघाला.

पाटे_आणि_बुश :

मग निम्मे उत्तर मिळाले. पायऱ्या काढून टाका. बागेच्या रस्त्यावर त्या लिफ्टइतकीच जागा मोकळी करून देतील आणि खर्च पाना फिरवण्याचा. घरातल्या ज्येष्ठांना चढायला त्या लागत असतील, तर चॅसीला घट्ट बसणाऱ्या, नळी वर उचललेल्या रॉक-स्लायडरचा (खडकावर घासले तरी सोसणाऱ्या मजबूत पायरीचा) विचार करता येईल. टो-हुक वापरात नसेल तर तोही उतरवा.

आता लिफ्टबद्दल. सस्पेन्शन उचलल्याने चॅसी आणि बंपर वर जातात, पण मागचा एक्सल जमिनीपासून होता तेवढाच राहतो. तो वर उचलण्याचे काम फक्त मोठा टायर करतो, तेही व्यासवाढीच्या निम्मे. २६५/७० घेतले तर चौदा मिलिमीटर. त्यामुळे डिफरन्शियल घासत असते तर दोन इंचांच्या लिफ्टने काहीही साधले नसते.

पुढच्या बाजूला डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग आहे. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या जोडीच्या) डोक्यावर स्पेसर बसवणे हा स्वस्त मार्ग. त्याने गाडी उंच दिसते, परंतु चाक खाली लोंबण्याची जागा तेवढीच कमी होते आणि खड्ड्यात चाक सुटले की वरचा बॉल जॉइंट शेवटच्या मर्यादेला आदळतो. ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वळत असतानाही त्याला शक्ती पोचवणाऱ्या सांध्याचा) कोन वाढून त्याचे रबरी बूट लवकर फाटतात, आणि फाटलेल्या बुटात आपल्याकडची लाल माती गेली की जॉइंटचे आयुष्य संपले. म्हणून लिफ्ट करायचाच असेल तर स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकॲब्सॉर्बर एकत्र बदलून तो ४० मिलिमीटरच्या आत ठेवावा. काम झाल्यावर कॅम्बर, कास्टर आणि टो हे चाकांचे तिन्ही कोन मोजून घ्यावेत, हेडलाइटचा झोतही खाली आणावा. समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या उंच गाड्या घाटात पुष्कळ झाल्या आहेत.

मागे ठोकळे घालून उंची वाढवू नये. पाट्यांचा संच वजनानुसार निवडावा लागतो आणि येथेच आपल्या टाकीचा प्रश्न येतो. ५०० लिटर पाणी म्हणजे टाकी धरून पाचशे किलोंच्या वर. नोंदणी प्रमाणपत्रावरच्या एकूण वजनातून रिकामे वजन वजा करा, त्यातून बसणाऱ्या माणसांचे वजन वजा करा, आणि उरलेला आकडा टाकीशी ताडून पाहा. जाड पान घातल्याने हौदा खाली बसलेला दिसणार नाही, पण एक्सल, ब्रेक आणि टायर यांची क्षमता त्याने वाढत नाही. शिवाय अर्धी भरलेली टाकी वळणावर एका कुशीकडून दुसरीकडे लाट फेकते. आडव्या भिंती असलेली लहान टाकी घ्या आणि ती केबिनला खेटून बांधा. पाटे मात्र मूळचेच ठेवा, फक्त बुश आणि शॉकॲब्सॉर्बर नवे घाला. जोडीने घाला, ओला एकटा बदलू नका.

कागदपत्रे_जपा :

तांत्रिक बाजू छान मांडली गेली आहे. कायद्याची बाजू राहिली होती, ती जोडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका कडकपणे घेतली आहे. मूळ रिमवर जवळच्या मापाचा टायर आणि मूळ उंचीचे शॉकॲब्सॉर्बर यांत सहसा वाद उद्भवत नाही. उंची बदलणारा लिफ्ट आणि मडगार्डच्या बाहेर येणारी चाके मात्र तपासणीत आणि अपघातानंतरच्या विमा दाव्यात प्रश्न निर्माण करू शकतात. जे काही बदलाल ते विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

माप_पट्टी :

लिफ्टबद्दल पाटे_आणि_बुश यांच्या मताशी सहमत, पण लिफ्ट सरसकट निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. कातळातून उतरताना पुढचा बंपर टेकत असेल तर ४० मिलिमीटरचा उपयोग होतो. येथे तशी तक्रार नाही, म्हणून सध्या तो खर्च टाळावा.

सड्यावरचा_बागायतदार :

सर्वांच्या सल्ल्यानुसार क्रम असा ठरवतो : पायऱ्या आणि टो-हुक या आठवड्यात उतरतील. त्यानंतर चारही शॉकॲब्सॉर्बर, मागचे बुश आणि नवे यू-बोल्ट, मग अलाइनमेंट, आणि पावसाच्या आधी २५५/७० आर १६ मापाचे पाच ऑल-टेरेन टायर. १७ इंची चाके आणि लिफ्ट रद्द. टाकी २०० लिटरची घेतो.

एक शंका उरते. सड्यावर हवा कमी करून चालवावे असे अनेक जण सांगतात. धारदार जांभ्यावर ते योग्य आहे का?

पाटे_आणि_बुश :

चिखलात आणि वाळूत योग्य, धारदार कातळावर जपून. हवा कमी केली की टायरची कूस बाहेर फुगते आणि नेमकी तीच कंगोऱ्याला लागते. रिकाम्या गाडीत दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबापेक्षा चार-पाच पीएसआयने (हवेच्या दाबाचे एकक) कमी, त्याहून खाली नको. टाकी भरलेली असताना मुळीच कमी करू नका. आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा परत भरावी लागेल, तेव्हा बॅटरीवर चालणारा लहान कॉम्प्रेसर गाडीत ठेवा.

सड्यावरचा_बागायतदार :

समजले. शॉकॲब्सॉर्बर बसवल्यावर जुन्या-नव्याचा फरक येथेच कळवतो.